‘माळवद’बद्दल घरच्यांचं मत

नांदेड, उज्वलाचं घर

प्रिय भीमा,

जीव ओवाळून आशीर्वाद.

फोन सोडून आई पत्र लिहायला का बसली, असं तुला वाटेल. फोन अण्णांच्या खिशात असतो. तुझा फोन आला की आधी ते बोलतात, मग स्पीकर लावून माझ्यापुढं धरतात आणि मी काय बोलते ते ऐकत उभे राहतात. म्हणून मी बरं आहे, जेवलास का, एवढंच विचारते आणि तुला वाटतं आई मजेत आहे. मजेत काही नाही बाबा. आपली मागची पडवी आता राहिली नाही. तुझ्या अण्णांनी स्वतःच्या हातानं उतरवली. पत्रे भिंतीला टेकवून ठेवलेत, खांब अन् वासे करवतीनं कापून पोत्यांत भरले, त्यातली दोन पोती तुला मिळालीच आहेत. येता बाजार झाला की दुसऱ्या दिवशी दोन गडी लावून ते स्वयंपाकघराची मोठी तुळई काढणार आहेत. सगळं छप्पर त्या तुळईवर आहे. त्यांना अडवणारं घरात कुणी नाही. मी आहे, पण मी अडवू शकत नाही, ते का ते पुढं सांगते. तू आला नाहीस तर ती तुळई जाणार, आणि तिच्यासंगं काय काय जाईल ते माझं मलाच ठाऊक.

पण तू मत मागितलं होतंस, ते आधी घे. संक्रांतीच्या सुमाराला तू बाटली पाठवलीस तेव्हा म्हणालास, आई, मी स्वतः बांधलेला हा पहिलाच वास आहे, सगळ्यांना दाखव, खरं मत कळव, पोरानं केलं म्हणून उगा कौतुक नको. डबीवर नाव होतं ‘माळवद’. खाली लिहिलं होतं, मराठवाड्यातल्या जुन्या घरांचं लाकूड, धूप आणि माती, खास पुरुषांसाठी. तू सांगितलंस की ह्या जातीला वुडी ओरिएंटल म्हणतात, चंदन, ऊद, देवदार असा सगळा लाकडाचा ऐवज, आणि तुमची कंपनी बारकी, शौकीन माणसांपुरत्याच बाटल्या करते. मी म्हणलं, मातीच्या छपराचं नाव ठेवलंस आणि काचेच्या बाटलीत घातलंस, गळायला नको म्हणजे झालं. तू लई हसला होतास त्या दिवशी.

आपल्या शेजारची लक्ष्मम्मा पहिली आली. तिनं मनगट नाकाला लावलं आणि म्हणाली, हे देवळामागच्या खोलीतलं आहे, पालखी ठेवतात तिथलं, पण कुणीतरी तिथं शेळी बांधलेली दिसते. तिला खोटं बोलता येत नाही. मी परत हुंगलं तर मलापण शेळी आली. तुझी मावशी उज्वला अन् सुदामभाऊजी तेव्हा संक्रांतीला आपल्याकडंच होते. उज्वला म्हणाली, नवरदेवाला लावायसारखं आहे, पण नवरदेव पन्नाशीचा पाहिजे. भाऊजींनी हौसेनं शर्टावर भरपूर मारून घेतलं आणि जेवायला बसल्यावर कुरकुर सुरू, की पाटबंधाऱ्याच्या हापिसात जुन्या फायलींच्या कपाटात डोकं घालून जेवायला बसवल्यासारखं झालंय. संध्याकाळी मात्र तेच माझ्यामागं लागले, की भीमाला आणखी एक पाठवायला सांगा. तोवर शर्टाला गोड, उबदार असा वास सुटला होता. तेव्हा तुमच्या कंपनीत सांग, ह्या बाटलीवर मत घ्यायचं तर सकाळी लावायला द्या अन् संध्याकाळी विचारा. 

अण्णांनी तेव्हा लावलं नाही. सगळे गेल्यावर लावलं. तू सांगितलं होतंस तसं मनगटावर, अन् घासलं नाही. चहा पुढं होता तो तसाच राहिला. मनगट नाकाशी धरूनच ते उठले, पडवीत खांबाला टेकून बसले, आणि मला वाटलं, त्यांना ते आवडलं नाही. मग म्हणाले, “हे आपल्या सोप्यातलं हाय. राजकन्या निजायची तिथलं.”

भीमा, भिंतीवरच्या फोटोपुढं तू बोलायला लागलास तेव्हापासून हात जोडतोस. मोठी आई अन् ताई, एवढं आम्ही तुला सांगितलं. भूकंपात गेल्या, एवढं सांगितलं. पण अण्णांच्या तोंडून तुझ्या ताईचं, राजकन्याचं, नाव तू कधी ऐकलंस का? मी त्यांची बायको होऊन आल्यापासून ऐकलं नव्हतं. वर्षाला गणपती बुडाले की दुसऱ्या दिवशी ते फोटोपुढं भात ठेवतात, शेताकडं जातात, अंधारल्यावर येतात. मी भात काढून गाईला घालते. आमचं त्यावर कधी बोलणं नाही.

त्या संध्याकाळी तुझा फोन आला आणि त्यांनी तुला विचारलं, की तू दिवाळीला खांबाचा तुकडा कापून नेला होतास, त्यातूनच काढलंस का हे? तू काय म्हणालास ते तुला आठवतं का? “हो अण्णा, आपल्याच घराचा वास आहे,” म्हणालास. खूश करायला म्हणालास, मला कळतं. तुझा आवाजच सांगत होता. पुढं मी लातूरला दवाखान्यात गेले तेव्हा लक्ष्मम्माच्या फोनवरनं तुझ्याशी बोलले, तेव्हा तू मला वेगळंच सांगितलंस. की त्यात आपलं लाकूड काही नाही गं आई, तुकडा माझ्या टेबलाच्या खणात पडलाय, तो हुंगायचो आणि निरनिराळ्या बाटल्यांतले थेंब जमवून तसा वास बसवायचो, डबीवरचं काय, विकायला लिहावं लागतं. मी बरं म्हणलं. तेव्हाच तुला सांगायला पाहिजे होतं की हे तू अण्णांना सांग. पण तुझं बस्तान नवं, तुझा आनंद नवा, आणि मला तरी कुठं माहीत होतं की ते काय धरून बसलेत.

त्यांनी असं धरलं, की लाकडात माणसं राहिलीत आणि पोरानं ती काढायची विद्या शिकलीय. वेड लागलं म्हणू नको. व्यवहाराला ते चोख आहेत, सोयाबीन विकून आले तर एक गोष्ट चुकत नाहीत. फक्त हे एक. नवं गाव बसलं तेव्हा सरकारनं सिमेंटच्या दोन खोल्या दिल्या, आणि अण्णांनी जुन्या गावच्या ढिगाऱ्यातनं खांब, तुळया, वासे बैलगाडीनं ओढून आणून मागं स्वयंपाकघर अन् पडवी उभी केली. लोक म्हणत होते, ज्या लाकडांखाली माणसं गेली ती घरात कशाला आणता. त्यांनी ऐकलं नाही. तेव्हापासून त्या खांबाला टेकल्याशिवाय त्यांना झोप यायची नाही. आता मला कळतंय ते काय करायचे.

पहिले काही दिवस बरे गेले. खोटं कशाला सांगू, लई बरे गेले. आंघोळ झाली की ते एकदाच लावायचे, मनगटाला, आणि पडवीत बसून बोलायचे. राजकन्या गुळाचा खडा चोरून कोनाड्यात लपवायची आणि मुंग्यांनी चोरी पकडून द्यायची. कावेरीला, तुझ्या मोठ्या आईला, गणपतीची आरती पाठ नव्हती, ती नुसते ओठ हलवायची. मी भाकरी थापता थापता ऐकत होते. मुकं माणूस बोलायला लागावं तसं झालं होतं, मी कशी अडवू? मग ते रोज जुन्या गावाकडं जायला लागले. बाभळी माजल्यात तिथं, तरी आपलं जोतं त्यांनी शोधून काढलं, अन् मनगट लावून तिथं बसायचे. मग बाटली अंथरुणापर्यंत आली. उशीला लावली, गोधडीला लावली. फोटोच्या काचेवर मारली. मी रोज निजायची ती गोधडी, तिला कावेरीच्या घराचा वास. मला राग आला. मेलेल्या बाईचा राग येतो का कुणाला? मला आला. मी स्वयंपाकघरात जाऊन निजायला लागले आणि त्यांनी विचारलंसुद्धा नाही, की तू तिकडं का.

मग एक दिवस बाटली दिसेना. संपली, फेकली असेल, मी म्हणलं. त्यांनी उकिरडा उकरला. तुला फोन लावला. तू म्हणालास, अण्णा, माल संपलाय, पुढची खेप करायला वेळ लागेल. त्यांनी फोन ठेवला आणि पडवीच्या खांबाकडं बघितलं. मी तिथंच उभी होते, मला त्यांच्या डोळ्यांतच कळलं. दुसऱ्या सकाळी करवत काढली.

पोतं मिळाल्यावर तू फोनवर हसलास. म्हणालास, अण्णा, सरपण कशाला पाठवलं, इथं गॅस आहे. तुझं चुकलं नाही, तुला काय ठाऊक. पण ते दिवसभर जेवले नाहीत. दुसरं पोतं भरताना पायाच्या नडगीवर वासा पडला, सालपट निघालं, तरी त्याच पायानं पोतं घेऊन लातूरला गेले आणि ट्रॅव्हल्सवाल्याला बजावून आले की भिजू देऊ नको. मी एकदा सांगितलं त्यांना, तोंडावर सांगितलं, की त्यात आपलं लाकूड नाही. ते म्हणाले, “पोरानं स्वतःच्या तोंडानं सांगितलंय.” आणि वर म्हणाले, तुला तुझी पडवी प्यारी आहे.

गावानं तरी हसावं ना? कुणी हसत नाही. आपल्या गावात कुणाचं घर पूर्ण राहिलंय, की तो हसेल? पहिल्यांदा माणसं येऊन नुसती बघून गेली. मग वरच्या आळीचे लक्ष्मणराव काठी टेकत आले. त्यांच्या जुन्या घराचं एक दार त्यांनी नव्या घराच्या मागं उभं करून ठेवलंय, कधी लावलं नाही. ते म्हणाले, रामलिंग, माझ्या दाराचं निघेल का रं? अण्णा म्हणाले, विचारतो भीमाला. दुसऱ्या दिवशी ते दार आपल्या अंगणात. मग कुणी उंबऱ्याचा तुकडा आणला, कुणी जेवायचा पाट. एका बाईनं मुसळ आणलं आणि ठेवताना त्यावरनं हात फिरवला. आपल्या अंगणात आता गावची लाकडं येऊन पडलीत, भीमा. ओळीनं, भिंतीला लावून. ती सगळी माणसं अण्णांना रस्त्यात गाठून विचारतात, मुंबईहून काही कळलं का. तुझ्या एका ‘हो अण्णा’नं हे झालंय. तुला बोल लावत नाही. पण आता तो शब्द तुझ्याशिवाय कुणाला मागं घेता येत नाही.

आता तुळईचं सांगते. हे सांगायला मला माहेरच्या माणसाच्या घरात यावं लागलं.

स्वयंपाकघरातली मोठी तुळई, जिला मधोमध लोखंडी कडी आहे, ती अण्णांच्या जुन्या घरची नाही. तुला आम्ही सांगत आलो की ती मामानं गाडीत घालून आणली, माहेरची आहे. मामानं आणली हे खरं. माहेरची नाही. ती माझ्या घरची आहे. अण्णांच्या आधी माझं घर होतं, भीमा. तिकडं पल्याडच्या गावात. माझ्या मालकाचं नाव हनुमंत. आणि त्या कडीला पाळणा होता, त्यात श्रीमंत होता. अजून बसायलासुद्धा लागला नव्हता.

तुला हे कधी सांगितलं नाही, कारण सांगायची जागाच झाली नाही. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडांत राहत होतो तेव्हा दोन्हीकडच्या म्हाताऱ्या माणसांनी बसून जोड्या जमवल्या. ज्याची बायको गेली त्याला जिचा नवरा गेला ती. अण्णांनी मला एकच विचारलं, तुला भाकरी नीट येते का, माझ्या आईच्यानं आता होत नाही. मी हाव म्हणलं. त्यांना माझं सगळं माहीत होतं. त्यांनी विचारलं नाही, मी बोलले नाही. त्यांच्याकडं फोटो होता, तो भिंतीवर गेला. माझ्याकडं फोटो नव्हता. घर बांधताना तुझा मामा ती तुळई घेऊन आला आणि अण्णांनी काही न बोलता ती स्वयंपाकघरावर चढवली, एवढं मात्र केलं त्यांनी. पण ते आता विसरलेत. त्यांना ते सगळं एकच लाकूड दिसतंय. तू झालास तेव्हा तुझा पाळणा त्याच कडीला बांधला. बांधताना मी गाठ पुन्हा पुन्हा सोडत होते आणि तुझी आजी म्हणाली, बाळंतिणीला वारं लागलंय.

भूकंपाच्या रात्री आमची म्हैस अडली होती म्हणून मी गोठ्यात होते. गोठा उघडा, वर नुसता कडबा, म्हणून मी वाचले. बाकीचं लिहीत नाही. एवढंच लिहिते, की त्या संध्याकाळी गावात गणपती वाजत होते आणि मी श्रीमंतला न्हाऊ घालून धुरी दिली होती. निखाऱ्यावर ओवा, वेखंड, ऊद टाकायचा आणि बाळाला दोन्ही हातांवर आडवं धरून धुरावर फिरवायचं. टाळू, काखा, पावलं. मग त्याच्या डोक्याला जो वास येतो तो तुझ्या डोक्यालापण यायचा, आपल्याकडच्या सगळ्या बाळांना येतो. दुसऱ्या दुपारी त्याला ढिगाऱ्यातनं बाहेर काढलं. सगळ्या अंगाला माती, नाकात माती. मी टाळू हुंगली. धुरीचा वास तसाच होता.

तर माझं मत हे आहे, भीमा. पुरुषांसाठी म्हणून लिहिलंय तुम्ही, ते चूक आहे. पहिला तासभर लाकूड येतं, धूळ येते, लक्ष्मम्माची शेळीपण येते, ते पुरुषांनी घ्यावं. पण संध्याकाळी, सगळं उडून गेल्यावर, सुदामभाऊजींच्या शर्टाला जे गोड राहिलं होतं, ते न्हालेलं बाळ आहे. धुरी दिलेलं, मातीत निजलेलं. मी तो शर्ट धुवायला घेतला होता, आणि न धुता तशीच बसून राहिले. अण्णांना तिथं राजकन्या सापडली. मला हे सापडलं. तू म्हणतोस त्यात आपलं लाकूड नाही, तर मला पटतं. मी अडाणी नाही. पटून काय उपयोग, नाकाला कोण पटवणार?

इथं मी उज्वलाच्या मोतीबिंदूचं निमित्त करून आले. खरं कारण वेगळं होतं. काल इथल्या इतवारा भागात एका अत्तरवाल्याकडं गेले, त्याला त्या वासाचा रुमाल हुंगायला दिला आणि म्हणलं, असं बनवून द्या. त्यानं डोळे मिटून लई वेळ घेतला. म्हणाला, “अम्मा, ऊद देता, संदल देता, मिट्टी का अत्तर बी है. लेकिन ये पूरा ऐसाच नहीं बनता.” माझ्या हाताला मातीचं अत्तर लावून दिलं. चांगलं होतं, पण त्यात कुणी नव्हतं. परत येताना उज्वला रिक्षात म्हणाली, तुळजा, रामलिंगभाऊजींचा वास तुझ्या पदराला किती बसलाय गं. मी पदर खोचून घेतला.

अण्णांचा नव्हे तो. बाटली संपली नाही, भीमा. ती माझ्याकडं आहे. आत्ता ह्या पत्राशेजारी आहे, तळाला थोडं राहिलंय. त्यांनी फोटोच्या काचेवर मारली त्या दिवशी मीच उचलली आणि पिठाच्या डब्यात घातली. त्यांनी उकिरडा उकरला तेव्हा देता आली असती. करवत काढली तेव्हाही देता आली असती, पडवी वाचली असती, नडगी वाचली असती, गावाची लाकडं आपल्या अंगणात आली नसती. मला देववली नाही. उलट पडवीचे वासे काढताना शिडी मीच धरली होती. तू सांगितलेलं माहीत असूनही धरली. मनात म्हणलं, पोरगं नाही म्हणतंय, पण असलंच त्यात काही तर आणखी एक बाटली येईल, ती त्यांना देईन आणि ही मला राहील. आता ते माझ्या तुळईपर्यंत आलेत. थांबवायचं तर बाटली पुढं करावी लागते, ती पुढं केली तर श्रीमंत त्यांच्या गोधडीला जातो. नाही केली तर त्याच्या पाळण्याची कडी करवतीखाली जाते. मला दोन्ही जमत नाही, म्हणून तुला बोलावते. हे पत्र सुदामभाऊजी उद्याच कुरिअरनं टाकतात. तू बाजाराच्या आत ये. तो खणातला तुकडा घेऊन ये, अण्णांच्या हातात ठेव आणि माझ्यादेखत सांग की ह्यातनं काही काढलं नाही, काढता येत नाही. लक्ष्मणरावांना दार परत द्यायला तूच त्यांच्यासंगं जा. त्या दिवशी बाटली मी तुझ्या हातात देईन, दुसऱ्या कुणाच्या हातात मला देववणार नाही. आणि येताना अंगाला काही लावून येऊ नको. त्याच कडीखाली तुलापण मी धुरी दिलीय. आलास की अण्णांशी बोलायच्या आधी माझ्यापुढं खाली बस आणि डोकं जरा वाकव.

तुझीच,
आई